राजाची उडी

संस्था नोंदवायला सात माणसं लागतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. खेळायला आम्ही तीस-चाळीस जण जमायचो, पण सही करायची म्हटल्यावर सात जण गोळा करताना माझ्या नाकी नऊ आले. त्यातली पहिली सही मामांची. ती मी त्यांना फसवून घेतली, असं मला आजही वाटतं.

मामा हातमागावर बसणारे. घरात तेलुगू, बाहेर आमच्यासारखीच सोलापुरी मराठी. सगळी पेठ त्यांना मामा म्हणायची. दर रविवारी दुपारी शाळेच्या एका वर्गात ते बुद्धिबळाचे पट मांडून बसत. पट कापडाचे, तांबड्या-पांढऱ्या घरांचे, त्यांनीच विणलेले. येईल त्याला बसवायचं, शिकवायचं, हरला तर चहा पाजायचा. हजेरी नाही, वर्गणी नाही. मी त्या शाळेतला कारकून. वर्गाची किल्ली माझ्याकडे, म्हणून नुसता बघत थांबलो आणि कायमचा अडकलो.

मामांचा खेळ देशी. प्यादं एकच घर चालायचं, आणि तोवर एकदाही शह बसला नसेल तर राजाला डावात एकदा घोड्यासारखी उडी मारता यायची. ती नेमकी कधी मारायची, यात मामांचा हात धरणारं कुणी नव्हतं. अंगाशी आलेला डाव ते त्या उडीनं सोडवत आणि मिशीत हसत बिडी पेटवत.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. शाळेत नवे मुख्याध्यापक आले आणि त्यांनी रविवारचा वर्ग बंद केला. महापालिकेची एक खोली रिकामी होती, पण ती नोंदणी झालेल्या संस्थेलाच मिळणार होती. बदली होऊन आलेले बँकेतले एक साहेब आमच्यात खेळायचे. ते म्हणाले, संस्था राज्य संघटनेला जोडायची तर नियम आंतरराष्ट्रीय हवेत. अक्षर बरं म्हणून संस्थेची घटना लिहायचं काम माझ्याकडे आलं आणि चिटणीसपदही. खरं सांगतो, मला ते पद हवंच होतं. नववं कलम मी माझ्या हातानं लिहिलं : संस्थेतील सर्व खेळ आंतरराष्ट्रीय नियमांनुसार होतील.

मामांना मराठी वाचता येत नव्हतं. त्यांच्या दारात बसून मी घटना वाचून दाखवली, आणि नववं कलम आलं तेव्हा न थांबता भरभर पुढे गेलो.

"खोली मिळंल न्हवं?" त्यांनी एवढंच विचारलं.

मिळेल म्हटलं. त्यांनी तेलुगूत सही केली.

खोली मिळाली. नवे नियम कळल्यावर मामा साठीच्या पुढे बसून तेही शिकले. प्यादं दोन घरं, राजा-हत्तीचा किल्लेकोट, राजाला उडी नाही, सगळं. कुरकुर केली नाही, म्हणून मी समजलो मिटलं.

पहिल्याच स्पर्धेत मामांसमोर बँकेचे साहेब आले. पंच मी. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि बघणारे बहुतेक मामांच्याच हाताखाली शिकलेले. साहेबांनी हत्ती आणि वजीर एका रांगेत आणले. पुढच्या चालीला मात दिसत होती. उंट आडवा घातला असता तर डाव वाचला असता, पण मामांनी सवयीनं राजा उचलला आणि अडीच घरं टाकला. मिशीत हसू आलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "मामा, ही चाल चालत नाही. आणि राजाला हात लागलाय, आता राजाच खेळावा लागेल."

"ही उडी तुला म्याच शिकविली की रे," मामा हळू आवाजात म्हणाले.

सगळे ऐकत होते. मी नियमांच्या पुस्तकावर बोट ठेवलं. सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला स्वतःचा अभिमान वाटला होता. मामांनी राजा परत जागेवर ठेवला, शेजारच्या घरात सरकवला आणि त्यांच्यावर मात झाली. साहेबांशी हात मिळवला, चपला घातल्या आणि गेले.

त्यानंतर ते खोलीवर आले नाहीत. काही रविवार वाट पाहून मीच त्यांच्या घरी गेलो. पट मांडला आणि मुद्दाम पहिलं प्यादं एकच घर पुढे टाकलं. त्यांनी आपलं दोन घरं टाकलं. डाव रंगला, आणि अशी वेळ आली की एका उडीत मामा सुटले असते. मार मामा, मार, असं मी मनात म्हणत होतो. त्यांचा हात राजावर गेला आणि थांबला.

"हितं कोण बघतंय, मामा," मी म्हणालो. "मारा की."

"नगं." त्यांनी राजा एकच घर सरकवला. मग नव्यानं शिकायला आलेला माणूस बघतो तसं माझ्याकडे बघत विचारलं, "आता बरोबर खेळलो न्हवं?"

मी मान डोलावली. पुढच्या चालीला मला त्यांच्यावर मात करावी लागली.