अण्णांच्या गाडीचा टप

आमच्या फिरत्या दवाखान्यात डॉक्टर मी होते, हे अण्णांनी शेवटपर्यंत मान्य केलं नाही. मुलांचे दात फुकट तपासत बंगळूरभर हिंडणाऱ्या त्या गाडीचे ते ड्रायव्हर. पण शाळेच्या आवारात गाडी लावली, की खांद्यावर रुमाल टाकून दाराशी उभे राहायचे आणि रांगेकडे नुसतं बघून सांगायचे, "डॉक्टर, तिसऱ्याला कीड. पाचवा नाटक करतोय." वैताग असा, की बहुतेक वेळा ते खरं निघायचं.

अण्णांचं मराठी घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं. मी पुण्याहून आलेली, कन्नडचा गंध नसलेली. त्यामुळे दुभाषी तेच. मी म्हणायची, "सांगा, अजिबात दुखणार नाही." अण्णा कन्नडमध्ये पाच वाक्यं बोलायचे आणि पोरगं निमूट तोंड उघडायचं. सहा महिन्यांनी थोडं कन्नड कळू लागलं, तेव्हा उमगलं की हे गृहस्थ सांगतात, "दुखेल. स्वल्पच. मग थांबेल." मी जाब विचारला. "पोराला खोटं सांगितलं तर पुढच्या खेपेला ते चावतं," अण्णा म्हणाले. "आणि बोट तुमचं असतं, माझं नाही."

गाडीवर त्यांचा भारी जीव. टपावर कावळा बसला तरी चेहरा पडायचा. रोज सकाळी शिडी लावून, बालदी घेऊन टप धुणार, मगच चहा. "आत दात घासायला शिकवायचं आणि वर धूळ? लोक हसतील हो!"

एकदा हेब्बाळला बांधकाम मजुरांच्या पालांपाशी गाडी लागली. यल्लू नावाची सात वर्षांची मुलगी आईबरोबर आली. वरचा पुढचा दुधाचा दात किडून हिरडीत पू झालेला, ओठ सुजलेला, अंगात ताप. काम संपल्यामुळे दुसऱ्या दिवशी पालं उठणार होती, म्हणजे दात तेव्हाच काढणं भाग होतं. यल्लू मात्र ओठ घट्ट मिटून बसली. अण्णांनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा कारण निघालं. पडलेला दात घराच्या छपरावर टाकायचा, तरच नवा येतो. "उद्या आमची ताडपत्री काढणार," ती म्हणाली. "मग माझा दात कसा येईल?"

मी शास्त्र सांगायला निघाले. अण्णांनी मला हातानेच गप्प केलं. "माझ्या गाडीवर टाक," ते तिला म्हणाले.

पोरगी हुशार. तिने कोपऱ्यातली बालदी पाहिली होती. "तुम्ही धुऊन टाकाल."

अण्णा जरा वेळ टपाकडे बघत राहिले. "नवा येईपर्यंत नाही धुणार," त्यांनी शब्द दिला. दहा मिनिटांत दात निघाला, आणि अण्णांच्या खांद्यावर बसून यल्लूने तो टपावर भिरकावला.

पहिल्याच खड्ड्यात तो रस्त्यावर पडला असणार, हे मला ठाऊक होतं आणि अण्णांनाही. तरी टपाला त्यांनी पाणी लावलं नाही. धूळ, पानं, कबुतरांची कृपा, सगळं साठत गेलं. दवाखाना चालवणाऱ्या संस्थेचे साहेब ओरडले. अण्णांनी मान खाली घालून ऐकलं आणि धुतलं नाही. मी चिडवायची, "अण्णा, पाऊस धुतोच की!"

"पाऊस देवाचा. बालदी माझी."

मजुरांची नवी वस्ती दिसली, की गाडी हळू व्हायची. मीही खिडकीतून बाहेर बघायची. पण यल्लू कुठे भेटली नाही. चारेक महिन्यांनी अण्णा निवृत्त होऊन बनशंकरीला घरी बसले. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "शब्द मी दिलाय. आता तुम्ही सांभाळा." त्या वेळी मी चिडवलं नाही, मान डोलावली.

दोन महिन्यांनी मारतहळ्ळीच्या एका बांधकामापाशी कुणीतरी माझा कोट ओढला. यल्लू! तोंडावर हात दाबून ती म्हणाली, "अण्णा कुठे? आधी त्यांनाच दाखवणार."

मी अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. यल्लूने हात काढून फोनपुढे आ केला. अर्धा उगवलेला, करवतीसारख्या काठाचा, पांढराशुभ्र दात.

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावून पाहिलं. "सरी, ठीक आहे, डॉक्टर," ते म्हणाले. "आता धुवा."

नवा ड्रायव्हर शिडीकडे निघाला. त्याला थांबवून मी पदर खोचावा तशी कोटाची बाही वर सारली आणि बालदी स्वतः भरली.