छताला हूक असलेली खोली

थीम पार्कला जायचं हे आमच्या लेकीनं, मैत्रीनं ठरवलं. पिपरी मेघेच्या चौकात एका ऑटोच्या पाठीवर हिरव्या डायनासोरचं पोस्टर लागलं होतं, त्याखाली पाण्याची घसरगुंडी आणि 'सहकुटुंब मुक्कामाची उत्तम सोय'. मैत्री अजून तीन वर्षांची व्हायची आहे. तिला वाचता येत नाही, पण डायनासोर कळतो. तेव्हापासून रोज सकाळी दात घासायच्या आधी एकच प्रश्न, "आई, डायनोकडं कधी जायचं?"

मला डायनोशी काही घेणंदेणं नव्हतं. मला झोप हवी होती. आमचा धाकटा बोधी आठ महिन्यांचा आहे. त्याला गादीवर ठेवा, विकतच्या पाळण्यात ठेवा, पठ्ठ्या टक्क डोळे उघडून छत बघत राहतो. झोपतो फक्त झोळीत. छताच्या हुकाला जुनं सुती पातळ बांधायचं, त्यात बाळ ठेवायचं आणि दोरी ओढत राहायची. आमच्याकडची बहुतेक लेकरं अशीच झोपतात. बोधीचं एवढंच की दोरी थांबली की तो उठतो. आणि दोरी माझ्या हातात. रजा संपवून मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये परत रुजू झाले तरी रात्रीची दोरी माझ्याच हातात राहिली. दुपारी मायक्रोस्कोपवर वाकले की डोळा लागायचा आणि दचकून जाग यायची, की आपल्या झोपेपायी कुणाचा तरी रिपोर्ट चुकला तर काय?

म्हणून नवऱ्याला, राहुलला, म्हटलं, जाऊ, पण मुक्कामी जाऊ. तू लेकरं सांभाळ आणि मला एक दुपार झोपू दे.

"जाऊ ना. तूच पाहून घे मंग बुकिंग," तो म्हणाला. म्हणजे ते कामही माझ्याच गळ्यात.

आता माझा स्वभाव सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. सासूबाई मला फौजदार म्हणतात. मी लोकांच्या पोटात काय काय जातं ते रोज काचेवर बघते, त्यामुळे हॉटेलचं पाणी, चादर, ग्लास, कशावरच माझा विश्वास नाही. रिसॉर्टच्या फोटोंवर तर मुळीच नाही. तीन वेगवेगळ्या रिसॉर्टच्या स्विमिंग पूलवर मला एकच ढग दिसला आहे. पाच ताऱ्यांचे रिव्ह्यू वाचावेत तर सगळ्यांची भाषा एकाच माणसाची, 'स्टाफ खूप विनम्र, नक्की भेट द्या'. कोणत्या बाळाच्या आईला एवढं नेटकं लिहायला वेळ असतो?

पहिला फोन नागपूरकडच्या एका मोठ्या ठिकाणी लावला. सरळ विचारलं, बाळासाठी झोळी बांधता येईल का. पलीकडून उत्तर आलं, "झोळी नाई मॅडम. मागं एका पाहुण्यानं पंख्याले बांधली, पंखाच खाली आला. बाळवाले असले का आमी आधीच नाई म्हणतो." त्या दिवशी मी धडा घेतला, की 'झोळी' आणि 'बाळ' हे दोन शब्द फोनवर उच्चारायचे नाहीत.

दुसरा फोन पोस्टरवाल्या पार्कला. तो कारंजा घाडगेच्या अलीकडे, नागपूर-अमरावती हायवेवर आहे. नाव लिहीत नाही, का ते कळेलच. तिथे मुक्कामाचे तीन प्रकार. मुख्य इमारतीत एसी खोल्या, पण त्यांना पीओपीचं छत, म्हणजे हूक नाही. मधे तंबू, दिसायला झकास, पण कापडाला काय बांधणार? आणि मागे संत्र्याच्या बागेला लागून कॉटेज, पक्क्या स्लॅबची, सगळ्यात स्वस्त. फोनवर मॅनेजर बाई होत्या, आवाजावरून पन्नाशीच्या.

"कॉटेजमध्ये छताला हूक आहे का?" मी विचारलं.

"हाव, पंख्याचा आहे ना."

"पंख्याचा नको. दुसरा, रिकामा."

"तोही आहे. कायले पाहिजे ताई?"

"लागतो. पक्का आहे ना? म्हणजे मोठं माणूस लटकलं तरी सुटणार नाही असा?"

बाईंचा आवाज खाली आला. मग त्या म्हणाल्या, "दोरी-गिरी पाहिजे का तुमाले?"

"नको, मी घरून पातळ आणते."

"सोबत कोण येऊन राह्यलं ताई?"

इथे माझे कान टवकारले. पहिल्याच फोनला ही चौकशी कशाला? बाळाचं नाव काढलं की नाही म्हणणार. "ते तुम्हाला काय करायचंय? खोली माझ्या नावानं लिहा," मी म्हटलं.

"या ताई. तुमी या तर खरं, बसू, बोलू," बाई एकदम लोण्यासारख्या मऊ झाल्या. अॅडव्हान्सचं नावही नाही. दोन दिवसांनी त्यांचा स्वतःहून फोन, "ताई, जेवल्या का?" खोली विकणारं माणूस पाहुण्याच्या जेवणाची चौकशी करतं? मला शंकाच आली. कुठेतरी पाणी मुरत होतं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी निघालो. थंडी ओसरलेली असते, पाण्यात खेळून लेकरं गारठत नाहीत आणि ऊनही अजून चटकत नाही, म्हणून लहान मुलं असतील तर हेच दिवस निवडा. आमच्याकडून आर्वी रोडनं सरळ खरांगणा, आर्वी, मग तळेगावला हायवे लागतो, तिथून उजवीकडे नागपूरच्या दिशेनं. आर्वीपर्यंतच्या रस्त्यावर अधेमधे खड्डे आहेत, मागच्या सीटवर बाळ असेल तर घाई करू नका. आर्वीत तर्री-पोहे खाल्ले. मैत्रीला नुसते पोहे, तर्री बाजूला. पाणी आम्ही घरून उकळून स्टीलच्या कॅनमध्ये नेलं होतं. शिवाय चादरी, उशीचे अभ्रे, डेटॉल, दुधाची पावडर आणि पातळ. राहुल म्हणाला, "घरच बांधून घेतलं का तू?"

पार्कच्या गेटवर फायबरचा डायनासोर. मैत्री त्याच्या पायाला मिठी मारून उभी राहिली, सोडायला तयार नाही. ऑफिसात मॅनेजर बाई भेटल्या. सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा. माझ्याकडे बघितलं, मैत्रीकडे बघितलं, राहुलच्या कडेवरच्या बोधीकडे बघितलं आणि चेहरा उतरला. मला वाटलं, झालं, आता बाळ दिसलं म्हणून खोली नाकारणार. तसंच झालं. "ताई, तुमाले तंबू देतो. मस्त मोठा आहे," त्या म्हणाल्या.

"मी कॉटेज सांगितलं होतं."

"तिकडे आज पाणी नाई."

"आणून ठेवू बादल्या."

"साप निघाला होता काल."

आधी पाणी नाही, मग साप. मी तडक मागे जाऊन बघून आले. नळाला धो-धो पाणी, झाडलेली फरशी आणि छताला छान जाड लोखंडी हूक. परत येऊन सांगितलं, कॉटेजच पाहिजे. बाईंनी किल्ली देण्याआधी राहुलला बाजूला बोलावलं. पाण्याच्या टाकीआड दोघं कुजबुजत होते. राहुल मान खाली घालून उभा होता. नक्की जादा पैशांची बोलणी, मला वाटलं. मग तासभर आम्हाला जेवायला बसवलं, खोली तयार करतो म्हणून. जेवण बाकी चांगलं. वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर, लेकरांना न सांगता बिनतिखटाचं वरण. भाव वाजवी. पण माझं लक्ष कुठे लागतंय जेवणात?

खोलीत आलो आणि माझं डोकंच सणकलं. दाराला आतून कडी नव्हती. जिथे असायला हवी तिथे स्क्रूची भोकं, त्यातून लाकडाचा ताजा भुसा सांडलेला. म्हणजे आत्ता काढली होती. पाहुण्यांच्या खोलीची आतली कडी कोण काढतं आणि कशासाठी?

"राहुल, हे बघ. हे लोक बरे नाहीत."

"जुनी झाली असन," तो म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता. "मी लेकराईले डायनोपाशी फिरवून आणतो. तू पड थोडी."

"आधी झोळी बांधते, मग बोधीला आण."

तो गेला. एवढ्यात टकटक. झाडणारी बाई साबण घेऊन आली. ती गेली तर दुसऱ्यांदा टकटक, टॉवेल. मग न मागितलेला चहा. दर वेळी तिची नजर आधी छताकडे. शेवटी ती व्हरांड्यातच बसली, निवडायला घेतलेली मेथी मांडीवर. गळ्यातली पोत काढून मी लंगोटांच्या पिशवीत खाली दडवली, मोठी बॅग सरकवून दाराला लावली, आणि खुर्चीवर चढले.

पातळ दुहेरी केलं, हुकातून ओवलं, घट्ट गाठ मारली. आता माझी पद्धत अशी की बाळ ठेवायच्या आधी मी स्वतः दोन्ही हातांनी लटकून बघते. घरीही बघते. कुणाच्या हुकावर माझा विश्वास नाही. मी पातळ धरलं आणि पाय उचलले.

खुर्ची कलंडली. आवाज झाला. बॅगेसकट दार उघडलं आणि मॅनेजर बाई आत, मागे मेथीवाली. बाईंनी माझ्या पायांना अशी कवळ घातली की मला हलताच येईना. "नोको ताई. नोको वो माय. लेकरं लहान आहेत तुमची," त्या म्हणत होत्या. मला आधी वाटलं दरोडा. मग दारात राहुल दिसला, कडेवर बोधी, हाताला मैत्री. तो डायनोपर्यंत गेलाच नव्हता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"झोळी आहे," मी वरूनच म्हटलं. "बाळाची झोळी बांधतेय मी. सोडा मला."

बाईंनी वर बघितलं, पातळाचा खोलगा बघितला, आणि मला सोडून मटकन पलंगावर बसल्या.

"मंग फोनवर काऊन नाई सांगितलं?"

"बाळ म्हटलं की खोली देत नाहीत लोक."

"अवो, रिकामा हूक पाहिजे, मोठं माणूस पेललं पाहिजे, पातळ घरून आणतो, सोबत कोण ते सांगत नाई. मी चार रात्री झोपली नाई त्यापायी. येऊ नका म्हणावं तर तुमी दुसरीकडं जासान, मंग कोण पाहीन?"

"हुकाचं मले कायले नाई सांगितलं बाई? मी एका बोलात सांगितलं असतं," राहुल पुटपुटला.

मला हसू यायला हवं होतं. आत्ता लिहिताना येतंय. पण तेव्हा बाईंनी पदरानं तोंड पुसलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "पण ताई, तुमी बऱ्या आहात ना?"

आठ महिन्यांत मला लोकांनी सगळं विचारलं. बाळ झोपतं का, दूध पितं का, वजन वाढलं का. हे कुणी विचारलं नव्हतं. मी तिथेच, त्या अनोळखी बाईसमोर, ढसाढसा रडले. मैत्री म्हणाली, "आईला बाऊ झाला." त्यावर मी आणखीच रडले.

मग बाईंनी बोधीला झोळीत ठेवलं आणि दोरी हातात घेतली. "पडा तुमी. मी बसतो."

एक डोळा उघडा ठेवून पडायचं असं मी ठरवलं होतं. अनोळखी माणूस, बिनकडीचं दार, पोत लंगोटांत. जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं, बाई दोरी ओढत होत्या आणि बोधी झोपलेला होता.

दुसऱ्या दिवशी मैत्रीनं डायनासोर आणि पाणी दोन्हींचा मनसोक्त फडशा पाडला. लहानांचा तलाव खरंच उथळ आहे, मी आत उतरून तपासला. भाड्याचे पोहण्याचे कपडे घेऊ नका, घरून न्या. निघताना बाईंनी बागेतली संत्री पिशवीभर दिली. ती धुऊन खाल्ली.

घरी आल्यावर बॅगा उपसता उपसता मी रिव्ह्यू लिहायला घेतला. राहुलला म्हटलं, बाई चांगल्या, जेवण चांगलं, पण आतली कडी नाही म्हणून एक तारा कापते.

"नको कापू," तो म्हणाला. "कडी मीच काढायला लावली."

मी फोन खाली ठेवला.

"बाईनं मले इचारलं, ताई जिवाचं काही करून घेतीन असं वाटते का. मले 'नाई' म्हणता आलं नाई. मले माहीतच नव्हतं."

आधी संताप आला. दोन दिवस मी सगळ्या जगावर संशय घेत होते आणि हा माणूस माझ्यावर. मग त्याच्याकडे नीट बघितलं. तो घाबरलेला होता, अजूनही. मी म्हटलं, नाही, तसं कधीच मनात आलं नाही. पण काय आलं तेही सांगितलं. एकदा लॅबमधून सुटल्यावर घरी न येता मी बसस्थानकावर जाऊन बसले होते. कुठलीही लांबची गाडी लागली तर तिच्यात बसावं आणि शेवटच्या थांब्यापर्यंत झोपावं, एवढंच डोक्यात होतं. गाडी लागली, सुटली, मी रिक्षा करून घरी आले. तेव्हा त्यानं विचारलं होतं, आज उशीर काऊन झाला? मी म्हटलं होतं, काम होतं.

संध्याकाळी बोधीची कुरकुर सुरू झाली तशी मी उठायला गेले, तर दोरी राहुलच्या हातात. मी पलंगावर पडून ऐकत राहिले. नीट ओढतोय का, झोका जोरात तर जात नाही ना, मधेच मोबाइल तर काढणार नाही.

"झोप तू," तो म्हणाला. "मी आहो इथंच."

माझा विश्वास बसला नाही. तरी झोपले.