एकसष्ट किलो

क्वेकर्स हिल या उपनगरात आमच्यापासून चार घरं सोडून श्रीनिवास राहतो. वय एकोणसाठ, रेल्वेच्या सिग्नलचा इंजिनिअर, माणूस सज्जन. खोट एकच, त्याला प्लॅन करायला आवडतं. गणपतीला मोदक किती लागतील हे तो मे महिन्यात विचारतो. आपण म्हणावं, अरे बाबा, अजून मूर्ती आली नाही! तर तो शांतपणे म्हणतो, मूर्तीचं पान वेगळं आहे.

तीन वर्षांपूर्वी एका पिकनिकला त्याची बायको श्यामला वीस जणांचा चहा गाळत होती. गाळता गाळता म्हणाली, "मला एकदा अशा ठिकाणी न्या, जिथे फोन लागत नाही, मस्त पाऊस पडतो आणि मला कुणी चहा मागत नाही." आम्ही सगळे हसलो आणि कप पुढे केले. श्रीनिवास हसला नाही. त्याने घरी जाऊन नकाशा उघडला.

जागा सापडली ती टास्मानियाच्या नैऋत्य टोकाला, पोर्ट डेव्ही. तिथे रस्ता जात नाही. होबार्टहून छोट्या विमानाने जायचं आणि पाच दिवस बोटीवर राहायचं. इकडचा फेब्रुवारी म्हणजे भर उन्हाळा, तरी तिथे बारा डिग्री, पाऊस बहुतेक रोज, फोनचा पत्ता नाही. बोट आठ जणांसाठी अख्खी घ्यायची, स्वयंपाकी बोटीवरचाच. श्रीनिवास-श्यामला, मी आणि माझा नवरा कुमार, नंदू आणि मयूरा, शिवाय कॅसल हिलचं एक जोडपं. कुमार म्हणाला, "भिजायला एवढ्या लांब कशाला? अंगणात उभं राहतो की." श्रीनिवासने त्याला चौदा पानांचा प्लॅन पाठवला. मी तो वाचला नाही. कुणीच वाचला नाही, हे आत्ताच सांगून टाकते.

नोव्हेंबरात त्याने सगळ्यांचे रेनकोट मागवून घेतले, अंगणात दोरीवर टांगले आणि एकेकावर दहा दहा मिनिटं पाण्याचा पाइप धरला. नंदूचा रेनकोट काखेत गळला. नंदू म्हणाला, मी हात वर करणारच नाही. तरी त्याला नवीन घ्यायला लावलाच. आमच्या नाकी नऊ आणले होते या माणसाने.

मग आली वजनं. विमान छोटं, त्यामुळे प्रत्येकाचं वजन आधी कळवायचं होतं. आता हे आमच्या ग्रुपला विचारायचं म्हणजे! वय सांगू, पगार सांगू, वजन? झाकली मूठ सव्वा लाखाची. चार दिवस ग्रुपवर शुकशुकाट. मग मयूराने त्रेसष्ट लिहिलं, तेही तिच्या लग्नातलं असावं. कुमारने ब्याऐंशी लिहिलं आणि पुढे 'अंदाजे' घातलं. मी चार किलो कमी सांगितले. श्यामलाने लिहिलं, एकसष्ट.

श्रीनिवासचा विश्वास बसेना. पायलट म्हणाला होता, नो वरीज मेट, आम्ही इथे पुन्हा तोलतोच. पण तिथे तोलल्यावर कुणाची तरी बॅग मागे राहणार, ती चिवड्याची असणार, आणि मग पाच दिवस कटकट. म्हणून जानेवारीतल्या एका रविवारी त्याने सगळ्यांना गॅरेजमध्ये बोलावलं. रेनकोट घालून, बूट घालून, एकेकाने काट्यावर उभं राहायचं.

खूप हसलो त्या दिवशी. कुमार अठ्ठ्याऐंशी भरला. नंदू म्हणाला, वजन ही खासगी बाब आहे, आणि पोट आत घेऊन उभा राहिला, जसं काही तेवढ्याने काटा फसणार होता. माझे चार किलो उघडे पडले. श्यामला चहाचा ट्रे घेऊन आली होती, ती म्हणाली, माझं राहू दे, मी लिहिलंय की. मीच तिला ओढलं. मीच म्हटलं, "अगं, आमची अब्रू गेली, तुझी जाऊ दे की थोडी!"

काट्यावर बावन्न आलं. रेनकोट आणि बुटांसकट.

श्रीनिवास म्हणाला, काटा बिघडला. त्याने तिला उतरवलं, आत जाऊन हॅरिस पार्कच्या देशी दुकानातून आणलेली कणकेची दहा किलोची पिशवी आणली आणि काट्यावर ठेवली. दहा किलो शंभर ग्रॅम. पिशवी उचलली, पुन्हा ठेवली. तेच. मग त्याने श्यामलाकडे बघितलं. रेनकोट तिच्या खांद्यावरून ओघळत होता. तो रेनकोट त्याने स्वतः तिच्या मापाचा आणला होता, जुन्या मापाचा.

आम्ही बाकीच्यांनी वजन कमी सांगितलं होतं. तिने एकटीने जास्त सांगितलं होतं.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"दिवाळीपासून," ती म्हणाली. "डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्यात. पर्समध्ये आहे चिठ्ठी. टास्मानियाहून आल्यावर करणार होते. तू तीन वर्षं राबलास रे."

"तिथे फोन लागत नाही, श्यामला."

"म्हणून तर जायचं होतं ना!"

आम्ही कप न उचलता घरी गेलो. दोन दिवसांनी श्रीनिवास मला कोपऱ्यावर भेटला. म्हणाला, "काखेत कळसा, मंजिरी. आठ रेनकोटांतलं भोक शोधलं मी, आणि..." मी श्यामलाबरोबर आठवड्यातून तीनदा चालायला जाते. मलाच कुठे दिसलं होतं? तू बारीक झालीस, असं म्हणून मी तिला डाएट विचारलं होतं. लाज वाटली मला स्वतःची.

मोठ्या आतड्यात गाठ निघाली. ऑपरेशनची तारीख नेमकी बोटीच्या आठवड्यातली. आम्ही म्हटलं, आम्हीही जात नाही. श्यामला म्हणाली, "इथे राहून काय करणार? मला भेटायला येणार आणि चहा मागणार. जा मुकाट्याने." सहा जण गेलो.

तिथलं मी फार सांगत नाही. काळसर चहासारखं पाणी, डोंगरावर ढग, आणि पाऊस थांबून थांबून पण रोज. नंदूचा रेनकोट गळला नाही. श्यामलाचं तिकडे काय चाललंय, कळायला मार्ग नव्हता. चौथ्या दिवशी दुपारी कंटाळून मी श्रीनिवासचा प्लॅन उघडला. पान अकरा. 'दिवस चौथा, दुपारी तीन. कार्यक्रम काही नाही. श्यामला पुढच्या डेकवर छताखाली बसेल. उजवीकडची खुर्ची, तिथे वारा कमी लागतो, कप्तानाला विचारून घेतलं आहे. तिला कुणी हाक मारायची नाही. कुणी चहा मागायचा नाही. मीही नाही.'

मी ते मोठ्याने वाचलं. तीन वाजले तेव्हा आम्ही सगळे आतच बसून राहिलो. उजवीकडची खुर्ची रिकामी ठेवली.

होबार्टला फोन लागला. श्रीनिवासचा मेसेज होता: ऑपरेशन नीट झालं, गाठ काढली, पुढचे रिपोर्ट यायचे आहेत, वजन पन्नास पूर्णांक चार.

परत आल्यावर मी भेटायला गेले. ती खिडकीशी बसली होती, शाल पांघरून. बाहेर रिमझिम होती. मी फोन काढून पान अकरा तिला दाखवलं. तिनेही प्लॅन वाचला नव्हता. तिने ते दोनदा वाचलं. डोळे पुसले. मग म्हणाली, "तीनला? तीनला माझी झोपायची वेळ. मेल्याला तीस वर्षांत एवढंही कळलं नाही."

आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून तिने हाक मारली, "श्रीनिवास, चहा टाक रे. मला हवाय."