नायक परत आला तेव्हा

लग्न मोडल्यावर मी कोपरला आईकडे राहायला आले आणि मोबाइलवरच्या एका ॲपसाठी प्रेमकथा लिहू लागले. नायिका खंबीर हवी आणि सोडून गेलेला नवरा शेवटी पस्तावून परत यायला हवा, एवढंच वाचकांचं मागणं. माझ्या नायिकेचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच जातं आणि त्या दुःखाने सैरभैर झालेला नवरा घर सोडतो. माझंही तसंच झालेलं.

एक दिवस माझ्या त्या नवऱ्याचाच फोन आला. "तुझी गोष्ट वाचतोय. भेटशील?"

आईला मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगितलं, नवा कुर्ता घातला आणि ठाण्याला तलावपाळीवर गेले. खोटं कशाला बोलू, मला आशा होती.

तो वाळला होता. बाकावर सरकून त्याने मला जागा करून दिली. मग म्हणाला, "गोष्टीत तू त्याला फार चांगला केलायस."

"तू होतासच तसा."

"नाही गं. बाळ गेलं म्हणून मी नाही गेलो. मला आधीच निघायचं होतं. बाळ येणार म्हणून थांबलेलो."

समोर पॅडलबोटीत पोरं ओरडत होती.

"हे आत्ता का सांगतोस?"

"मला परत यायचंय. पण खोट्यावर नको. बाळकुमला घर घेतलंय भाड्याने. येशील?"

असे प्रसंग मी कितीदा लिहिलेले. नायिका ताठ उभी राहते, एक वाक्य बोलते आणि निघून जाते. मी तिथेच, लोकांसमोर, हमसून हमसून रडले.

"आपण दोघं एकाच दुःखाने मोडलो, एवढ्यावर मी जगत होते रे. तेवढं तरी माझ्याकडे राहू द्यायचंस."

त्याचेही डोळे भरले. "मग नको येऊ?"

"नको," मी म्हणाले. पण तो उठून चालू लागला तेव्हा हाक मारावीशी वाटली. तो दिसेनासा होईपर्यंत वाटत राहिलं.

घरी आईने चेहरा बघूनच ओळखलं. मी सगळं सांगितलं. "बरं केलंस, खंबीर राहिलीस," ती म्हणाली. मला तो शब्द सहन होईना.

जेवताना तिने इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं, "बाळ कोणासारखं होतं गं?"

"त्याच्यासारखं," मी म्हणाले.