भिंतीपलीकडचं कांडण

सास्तूरच्या त्या गल्लीत पहिला टीव्ही आला तो द्वारकाबाईंच्या घरी. भूकंपानंतरच्या नव्या घरावर ॲन्टेना उभा राहिला आणि त्याबरोबर बाईंचा मानही. चित्राला मुंग्या आल्या की नवरा, आण्णासाहेब, छतावर चढून ॲन्टेना फिरवायचे. पुढं कुणी बसायचं आणि दाराशी कुणी, हे मात्र बाई ठरवायच्या. धाकटी जाऊ महानंदा तेव्हा नवी नवरी, तिची जागा दाराशी.

पुढं ॲन्टेना गेला, दूरदर्शनची फुकटातली छत्री घरोघरी लागली आणि बाईंकडं फिरकेना कुणी. तेही त्यांनी गिळलं असतं. पण परवा दूरदर्शनचीच माणसं कॅमेरा घेऊन गल्लीत आली आणि गेली थेट महानंदाच्या दारी. कशासाठी, तर तिच्या बचत गटाचं येसर दाखवायला!

येसर म्हणजे लग्नाच्या आमटीत पडणारा, धान्य भाजून केलेला मसाला. तो तिला शिकवला कुणी? द्वारकाबाईंनी. आणि ही बया तो गिरणीतून दळून आणते, पाकिटात भरते नि टीव्हीवर मिरवते! बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

दोन्ही घरांत भिंत एकच. पलीकडून महानंदाचा लाडिक आवाज आला, "आमच्या घराण्याची चव हाय ही."

बस्स. बाईंनी उखळात मूठभर ज्वारी टाकली आणि मुसळ उचललं. धाड, धाड! बोल आता, बघू कुणाला ऐकू जातंय.

थोड्याच वेळात कानांवर हेडफोन चढवलेला, त्या कॅमेरावाल्यांतलाच एकजण दारात उभा राहिला. भांडायला बाईंनी पदर खोचला. तो मात्र हात जोडून म्हणाला, "ताई, थांबू नका. येसर कांडल्याचा आवाज हवाच होता आम्हाला, चित्राच्या मागं लावतो."

बाई हरखल्या. त्याच्या हातातला केसाळ माइक हाच कॅमेरा समजून त्यांनी घाईनं इरकली लुगडं नेसलं आणि त्या माइककडं बघून हसत हसत, घाम फुटेस्तोवर कांडलं.

कार्यक्रम लागला त्या दिवशी सगळी गल्ली महानंदाकडं लोटली. बाईंनी आपल्या घरी लावला. पडद्यावर महानंदा, नुसती महानंदा, आणि तिच्या हसण्यामागं धाड, धाड. शेजारची करिश्मा खिडकीतून ओरडली, "काकू, महानंदा काकी कांडत्यात बी लई भारी!"

बाईंनी पायात चप्पल सरकवली. "तिनं उखळ बघितलंय तरी का? त्ये कांडण माझं हाय! जाऊन समद्यांना सांगते."

आण्णासाहेबांनी वळून बघितलं. "तुझं? आगं, येसराची बरणी तर आपली भरलेली हाय. मग त्या दिशी तू कांडत काय हुतीस? आन् कशापायी?"

बाई दारातच थबकल्या. सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं. त्यांनी चप्पल काढली आणि टीव्ही बंद केला. भिंतीपलीकडून कांडण ऐकू येतच राहिलं.