सहावी सही

शेख साहेब काल गेले. आणि मला वाचता येत नाही.

या दोन गोष्टी एकाच पोस्टमध्ये का, ते सांगते. टाईप सूनबाई करते आहे. तिला बजावलंय, सुधारायचं नाही, मी बोलते तेच लिहायचं.

आमच्या शनिवार पेठेतल्या ज्येष्ठ नागरिक संघाचे ते सेक्रेटरी होते. खडकीच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले. खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. लाल पेन आमच्या चुकांसाठी.

मी कमिटीवर महिला प्रतिनिधी. बिनविरोध, कारण दुसरी कोणी उभीच राहिली नाही.

मंडईत चाळीस वर्षं भाजी विकली. गिऱ्हाईक लांबून ओळखायचे. अक्षर जवळूनही नाही.

सही तेवढी येते. क, म, ल. लग्नानंतर ह्यांनी शिकवली. रांगोळीसारखी काढते.

पहिल्याच मीटिंगला अजेंड्याचा कागद हातात आला. मी म्हटलं, "चष्मा घरी राहिला."

शेख साहेब म्हणाले, "ताई, चष्मा आपल्या गळ्यात आहे."

मी चष्मा पदराखाली सारला.

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा कागदाकडे. मग सगळ्यांना म्हणाले, "मी मोठ्यानं वाचतो. फॅक्टरीतली सवय आहे, सूचना वाचून दाखवल्याशिवाय मशीन सुरू होत नसे."

तेव्हापासून ते सगळं वाचायचे. अजेंडा, मागच्या मीटिंगचं इतिवृत्त, सहलीच्या सूचना, डोळे तपासणीचं पत्रक. "सोबत झेरॉक्स जोडली आहे" हेसुद्धा.

लोक कंटाळायचे. मीही चारचौघांत शोभावं म्हणून उसासे टाकायचे. एकदा तर मीच म्हणाले, "साहेब, कागदाच्या मागची बाजू राहिली."

सगळे हसले. तेही हसले. आणि कागद उलटून खरंच मागची बाजू पाहिली.

मग एक दिवस मीटिंगच्या आधी अध्यक्ष माझ्याकडे आले. निवृत्त मुख्याध्यापक, घाईचा माणूस. शेख साहेब खुर्च्या मांडत होते.

"कमलताई, इथे सही करा."

एरवी मी हजेरीच्या वहीत सही करायचे. आज सुटा कागद होता. वर मजकूर, खाली पाच सह्या.

कशाचा कागद, एवढं विचारायचं होतं. पण विचारलं असतं तर ते म्हणाले असते, लिहिलंय की वर.

मी रांगोळी काढली.

मीटिंग सुरू झाली. आलेली पत्रं सेक्रेटरीनं वाचायची, हा नियम. अध्यक्षांनी तोच कागद शेख साहेबांच्या हातात दिला.

त्यांनी मोठ्यानं वाचलं. "सेक्रेटरी प्रत्येक कागद वाचून दाखवतात, त्यामुळे सभासदांचा वेळ वाया जातो, सबब त्यांनी पद सोडावे."

मग सह्या करणाऱ्यांची नावं वाचली. कमिटी अकरा जणांची. पत्र मंजूर व्हायला सहा सह्या लागत होत्या.

सहाव्या नावापाशी ते थांबले. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"ताई, ही सही आपलीच ना?"

त्या माणसानं माझ्यासाठी दार उघडून धरलं होतं. मी फक्त म्हणायचं होतं, माझीच आहे, पण कशावर केली ते मला ठाऊक नव्हतं. पत्र तिथंच पडलं असतं.

पण मग सगळ्यांना कळलं असतं.

मी म्हणाले, "माझीच."

त्यांनी मान हलवली. निळ्या पेनानं आपला राजीनामा इतिवृत्तात लिहिला. आणि तोही वाचून दाखवला. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत.

पुढच्या मीटिंगपासून सगळ्यांना झेरॉक्स मिळू लागल्या. पाऊण तासात मीटिंग आटपायची. सगळे खूश. मी घरी येऊन सूनबाईकडून वाचून घ्यायचे, की आज मी कशाकशाला हात वर केला.

महिन्याची मोठी सभा असली की शेख साहेब साधे सभासद म्हणून यायचे. माझ्या शेजारची खुर्ची घ्यायचे. कागद हातात आला की हळू आवाजात वाचू लागायचे.

मी एकदा म्हटलं, "साहेब, आता कशाला?"

"मला मनातल्या मनात वाचता येत नाही हो, ताई. खोड आहे."

खोटं बोलत होते. पेपर कसे मुकाट्यानं वाचायचे, मी पाहिलंय.

चार वर्षं ते माझ्या शेजारी बसले. चार वर्षं मी त्यांना चहाच्या साखरेवरून चिडवलं, गुडघ्यांवरून चिडवलं. ती एक गोष्ट सोडून मी सगळं बोलले.

काल दुपारी दफन झालं. संध्याकाळी अध्यक्षांचा फोन आला. शोकसभा उद्या पाच वाजता आहे.

"कमलताई, शोकठराव तुम्हीच वाचा. तुमचं त्यांचं फार जमायचं."

कागद घरी पाठवलाय. माझ्यासमोर आहे. सूनबाई म्हणाली, पाठ करून जा, कोणाला कळणार नाही.

नाही.

उद्या कागद घेऊन जाईन आणि अध्यक्षांच्या हातात परत देईन. म्हणेन, मला वाचता येत नाही, तुम्ही वाचा. मोठ्यानं. सगळं. आणि त्या सहाव्या सहीचं काय ते मी तोंडी सांगते. इतिवृत्तात लिहून घ्या.

शेख साहेब, तुम्ही विचारलंत तेव्हा मी अर्धंच उत्तर दिलं. उरलेलं द्यायला फार उशीर केला. माफ करा.

सूनबाई म्हणते, शेवटी भावपूर्ण श्रद्धांजली लिहितात.

लिही, बाई.

आणि आता सगळं मला वाचून दाखव.