न उघडलेला फोटो

टेबलावर कुणी फोटो ठेवला की अक्का तो न बघताच पालथा करायच्या. झुरळावर वाटी घालावी इतक्या चपळाईने. "ब्याड," त्या कानडीतून नकार द्यायच्या आणि मग मराठीत त्याचं कारण सांगायच्या, "आधी मुलगी काय वाचते, कशावर चिडते, स्वयंपाक आवडतो की करावा लागतो ते सांगा. चेहरा कुठं पळून जात नाही."

अक्का धारवाडातल्या मराठी मंडळींची लग्नं जुळवायच्या. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, स्वतः बिनलग्नाच्या. आता तुम्ही म्हणाल, न बघता लग्नं जुळवणारी बाई म्हणजे न चाखता स्वयंपाक करणारी आचारीण. तसं होतंच ते. पण नुसत्या रंगावरून, नाकावरून नाकारल्या गेलेल्या कितीतरी मुली त्यांच्याच वर्गात बसून शिकलेल्या होत्या. त्यामुळे फोटो या वस्तूवरच त्यांचा दात होता.

मी तेव्हा हुबळीला कोप्पीकर रोडवरच्या एका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होतो. दोन हजार चार-पाचचा सुमार. स्थळं पोस्टाऐवजी ईमेलने यायला लागली होती. भाच्याने अक्कांना कॉम्प्युटर घेऊन दिला आणि तो जोडून द्यायला मी गेलो. लग्नं जुळवणाऱ्या एका वेबसाइटवरून आलेली पहिलीच मेल उघडली, तर फोटोच्या जागी रिकामा चौकोन आणि वर पट्टी: सुरक्षिततेसाठी चित्रं रोखली आहेत, बघायची असल्यास इथे क्लिक करा. एरवी गिऱ्हाइकं मला याच तक्रारीसाठी बोलवायची. मी सवयीने सेटिंग बदलायला गेलो.

"थांब तम्मा," धाकट्या भावाला म्हणावं तसं अक्का म्हणाल्या. "हे कुणी रोखलं?"

"प्रोग्रामच रोखतो अक्का. चित्र त्या मेलमध्ये नसतंच. ते पाठवणाऱ्याकडून मागवावं लागतं. मागवलं की यांनी मेल उघडली, हे तिकडं कळू शकतं."

अक्कांनी चष्मा काढून पदराला पुसला. "म्हणजे आपण नुसतं बघितलं तरी त्यांना कळणार. आणि ते बिचारे आशा लावून बसणार."

"तसं नाही, हे जाहिरातवाल्यांसाठी असतं..."

"ब्याड. आहे तसंच राहू दे. शहाणा आहे की तुझा प्रोग्राम."

माझ्या सगळ्या नोकरीत, आहे ते बदलू नकोस म्हणून बजावणारं हे एकच गिऱ्हाईक. इतर गिऱ्हाइकांना मी पुष्कळदा त्यांचा दाखला दिला आहे.

गंमत अशी की चित्रांच्या बाबतीत एवढी राखण करणाऱ्या अक्का मजकूर मात्र मोठ्याने वाचायच्या. प्रार्थनेच्या वेळी मैदानभर पोचणारा तो आवाज, आणि दार सताड उघडं. कुणाचा मुलगा तापट आहे, कुणाची मुलगी सासूबरोबर राहायला तयार नाही, हे समोरच्या घरात डाळ निवडणाऱ्या बाईंना आमच्या आधी पाठ व्हायचं. सांगून पाहिलं तर म्हणायच्या, "ऐकू दे की. ऐकून कुणी कुणाला नाकारत नाही."

माझी धाकटी बहीण वसू रायापूरला, आमच्या घराजवळच्या शाळेत शिकवायची. तिच्या गालापासून मानेपर्यंत कोडाचा डाग आहे. घरच्यांनी तिचा फोटो नेहमी दुसऱ्या बाजूने काढून पाठवला. पाहुणे यायचे, वसू चहा घेऊन बाहेर आली की त्यांचा कप हातातच राहायचा आणि मग पत्रिका जुळत नाही असा निरोप यायचा. शेवटी मी तिला अक्कांकडे नेलं. अक्कांनी तिची माहिती टाइप करताना पहिल्याच ओळीत लिहिलं, गालावर आणि मानेवर कोड आहे.

"अक्का, निदान शेवटी तरी लिहा," मी म्हटलं.

"शेवटपर्यंत वाचतंय कोण?"

पुष्कळ दिवस कुणीच काही कळवलं नाही. मग बेळगावहून एका स्थळाची मेल आली. एका कॉलेजच्या लायब्ररीत नोकरीला असलेले गृहस्थ. घरची माहिती, आवडीनिवडी, सगळं नीटनेटकं लिहिलेलं, आणि खाली एक ओळ: माझा उभा फोटो सोबत आहे, बाकी त्यावरून लक्षात येईलच.

अक्कांनी ती ओळ दोनदा वाचली. "रूपाचा गर्व दिसतोय स्वारीला."

"मग तर उघडायलाच नको," वसू म्हणाली, आणि दोघी हसल्या.

शनिवारी शाळा अर्धी असायची. दुपारी वसू धारवाडला जायची आणि अक्कांच्या कॉम्प्युटरवरून, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून, उत्तर पाठवायची. ते पुस्तकांची पानं दुमडणाऱ्यांविषयी तक्रार करायचे. ही वर्गातल्या मुलांच्या थापा कळवायची. उप्पिटात साखर घालावी की नाही, यावर दोघांचं बरंच वाजलं. मी घरात बघत होतो. वसू मानेवरून पदर ओढून घ्यायची विसरायला लागली होती. मला इतकं बरं वाटत होतं की मीही फोटोचं नाव काढलं नाही.

मग त्यांनी यायचं ठरवलं. मी धारवाडच्या बस स्टँडवर उभा राहून एखादा देखणा गडी शोधत होतो. बस रिकामी होत आली तेव्हा दारातून आधी दोन कुबड्या खाली आल्या आणि मग ते. लहानपणचा पोलिओ. मी त्यांच्या खांद्यावरून मागे बघत राहिलो.

"वसुंधराबाईंचे भाऊ ना तुम्ही?" ते म्हणाले. "त्यांनी लिहिलं होतं, खिशाला स्क्रू-ड्रायव्हर असतो म्हणून."

अक्कांच्या घरी येऊन ते खुर्चीत बसले आणि कुबड्या भिंतीला टेकवल्या. वसू आतून चहा घेऊन आली आणि दारात थबकली. अगदी क्षणभरच, पण थबकली.

ते हसून म्हणाले, "फोटोतल्यापेक्षा काळा दिसतो का मी?"

"फोटो आम्ही उघडलाच नाही," अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज एवढा खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता. "माझा तसा नियम आहे. चूक माझी आहे, हिची नव्हे."

पाहुण्यांनी वसूकडे बघितलं. "तुम्हीही नाही?"

वसूने मान हलवली.

"मला वाटत होतं, बघून लिहिताय."

त्यांनी चहा सगळा प्यायला, चांगला झालाय असंही सांगितलं. निघताना वसूला म्हणाले, "माझं उत्तर तेच आहे. तुमचं मात्र आता नव्याने द्या. घाई नाही." बसपर्यंत सोडायला येतो म्हटलं तर नको म्हणाले.

रायापूरला परतताना रिक्षात वसू म्हणाली, "अण्णा, आधी कळलं असतं तर मी हो म्हटलं असतं. खरंच म्हटलं असतं. आता हो म्हटलं तर ती दया होईल."

"त्यांना तसं वाटणार नाही."

"मी दारात थांबले ते त्यांनी बघितलंय. लोक तसे थांबले की कसं वाटतं, ते मला ठाऊक आहे. ते मनात घेऊन ते माझ्याबरोबर कसे राहतील?"

मी पुष्कळ समजावलं, चिडलोही. वसूने नकार स्वतः लिहिला. त्यावर त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, की तुमची पत्रं छान असायची. वसूने त्यानंतर लग्नाचा विषय कुणाला काढू दिला नाही.

अक्कांवर माझा राग होता. काही आठवड्यांनी त्यांचा दुकानात फोन आला, "ती चित्रं सुरू करून दे." मी गेलो. सेटिंग बदललं. अक्का खुर्ची पुढे ओढून बसल्या आणि जुन्या मेल्स एकेक करून उघडायला लागल्या. टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट, त्यामुळे चेहरे वरून खाली सावकाश उतरायचे. "ही होय ती अळणावरला दिलेली," त्या पुटपुटायच्या. "हिला आता दोन मुलं आहेत, आणि मी आज बघतेय." काही चौकोन रिकामेच राहिले, पाठवणाऱ्यांकडेही तो फोटो उरला नव्हता.

अक्का जाऊन आता बरीच वर्षं झाली. लग्नं जुळवणं त्यांनी त्याच महिन्यात बंद केलं होतं. पण त्या दुपारी बेळगावची मेल त्यांनी अगदी शेवटी उघडली, ते मला अजून दिसतं. आधी केस आले, मग कपाळ, मग हसरे डोळे. मग पांढरा शर्ट, आणि काखेतल्या दोन्ही कुबड्या, कुठेही न कापलेल्या.

"दडवलं नव्हतं रे त्यानं काहीच," अक्का म्हणाल्या.

चित्र अजून खाली उतरत होतं. सर्वांत शेवटी बूट आले. एकाचा तळ दुसऱ्याहून जाड होता, आणि फोटोसाठी म्हणून दोन्हींना लख्ख पॉलिश केलेलं होतं.